तांबोशीची शेपटी आणि 2,432 रुपयांचा ट्रे

मी वेंगुर्ल्याची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणणारच की यांना मासा कशाशी खातात तेच माहीत नसेल. माहीत आहे. कल्ला उघडून बघितल्याशिवाय मी बांगडासुद्धा घेत नाही. आणि तरीही अंदमानात, हॅवलॉक बेटाच्या किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये आम्ही चौघी एका जेवणाचे 13,283 रुपये मोजून आलो.

जानेवारीत गेलो होतो, शाळेतल्या चार मैत्रिणी, पन्नाशीची सहल. पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल बघितलं आणि तिथून बोटीनं हॅवलॉक. कागदोपत्री ते 2018 पासून स्वराज द्वीप आहे, पण रिक्षावाल्यापासून सगळे हॅवलॉकच म्हणतात. पहिले दोन दिवस तीन नंबरच्या गावातल्या बाजारात जेवलो. तिथली वस्ती पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची, त्यामुळे मोहरी वाटून केलेलं माशाचं कालवण, भात, वर पातळ मसूर डाळ. ताट 220 रुपये. मोहरीचा झणका असा की डोळ्यांत पाणी. नारळाशिवाय कालवण होतं यावरच जिचा विश्वास नाही, त्या मैत्रिणीनं दोनदा रस्सा मागून घेतला. शेवटच्या रात्री 'जरा चांगल्या ठिकाणी' बसू या, ही टूम माझी.

रिक्षावाल्यानं नेलं. पार आत, काउंटरपर्यंत सोडायला आला, तेव्हाच काय ते समजायला हवं होतं. बर्फावर मासे मांडलेले. शंभर ग्रॅमचा भाव लिहायचा आणि गिऱ्हाइकाला तो किलोचा वाटू द्यायचा, ही भानगड तुम्हालाही ठाऊक असेल. मलाही होती. मी लगेच विचारून घेतलं, तांबोशी (रेड स्नॅपर) 160 ला शंभर ग्रॅम, शेवंड (लॉब्स्टर) 480 ला. मनात हिशोब केला, मैत्रिणींना सांगितला, आणि आपण किती हुशार म्हणून खूश झाले. माहीत असलेल्या चोरवाटेवर पहारा ठेवला आणि चोर पुढच्या दारानं आला.

तांबोशी मी निवडली. कल्ले लालभडक, डोळा काचेसारखा, शेपटीचा वरचा अर्धा भाग फाटलेला. ती हातात धरून मी पाच मिनिटं मैत्रिणींना ताजा मासा कसा ओळखायचा यावर व्याख्यान दिलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दीदी, आप तो मछली पहचानते हो!" मी फुगले. तेवढ्यात त्यानं खालचा बर्फ घालून मासा निळ्या ट्रेमध्ये ठेवला, ट्रे काट्यावर ठेवला, आकडे त्याच्या बाजूला. "दो किलो चार सौ." हाताला तो दीड-पावणेदोनच्या वर नव्हता. शेवंड मला पाऊण किलोची वाटली, ती 1 किलो 150 झाली. मी काही बोलले नाही. एवढं व्याख्यान दिल्यावर काटा माझ्याकडे फिरव म्हणायला लाज वाटली, हे खरं कारण. घरी मी सांगितलं की अंधार होता.

पण याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. तासाभरानं भाजलेली तांबोशी आली. शेपटी अख्खी. वर-खाली दोन्ही टोकं शाबूत, आणि मासा वीतभर लहान. मी बघितलं. समोरची मैत्रीण म्हणत होती, "हिनं निवडली म्हणून अशी मिळाली," आणि मी लिंबू पिळलं. आईला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "शेपटी बघलंस आणि गप रवलंस?"

बिल असं: तांबोशी 3,840, शेवंड 5,520, 'बनवायचे' 1,200 (हे आधी कुणी बोललंच नव्हतं), भात आणि नारळपाणी 940, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज 1,150, वर जीएसटी. कच्च्या पॅडवर, पेनानं. जीएसटी घेतला, नंबर कुठेच नाही. कार्डाचं मशीन बंद, यूपीआयला नेटवर्क नाही, रोखच द्या. सर्व्हिस चार्ज परस्पर लावता येत नाही, 2022 पासून तशा सूचना आहेत, काढायला सांगा. मी सांगितलं नाही.

सकाळी एकटीच परत गेले. पोरगा नव्हता, ट्रे नळाजवळ पालथा पडलेला. काटा चालू केला, रिकामा ट्रे ठेवला. 380 ग्रॅम. म्हणजे दोन्ही वेळा मिळून प्लास्टिकच आम्ही 2,432 रुपयांचं खाल्लं, बर्फ आणि कर वेगळा. मालक आला, म्हणाला मशीन खराब आहे. रात्री मात्र बरोबर होतं वाटतं!

मग तक्रार. कुठल्या खात्याकडे ते लिहीत नाही, अर्ज अजून त्यांच्याच टेबलावर आहे. पहिल्या कचेरीत म्हणाले, हे वजनाचं प्रकरण, आमचं नाही. दुसऱ्या कचेरीत पक्कं बिल मागितलं. पक्कं बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे, म्हटल्यावर बाई म्हणाल्या, मग पुरावा काय? साहेब जेवायला गेले होते. अडीच तास! आमची बोट सुटायची वेळ झाली. घरी परतल्यावर डोंबिवलीहून ईमेल केला, उत्तर आलं की अर्ज टपालानं, तीन प्रतींत पाठवा. पाठवला. मग फोन, मग दुसरा फोन, मग 'ते टेबल बदललं.' सुट्टीला आलेला माणूस परत येणार नाही, हे दुकानदाराइतकंच कचेरीलाही पाठ आहे.

इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी लागते आणि ते प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं असतं. दिसत नसेल तर उठा. रिकामा ट्रे ठेवून आधी शून्य करायला लावा. आकड्यासकट माशाचा फोटो काढा, मासा आत नेताना त्याच्यामागे कुणीतरी जा, जाळाजवळ उभे राहा, घाम येऊ दे. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, पण ती लावायची तर तिथेच बसून, पैसे देण्याआधी.

अर्जाला दोन फोटो जोडलेत, मैत्रिणीच्या फोनमधले. एकात फाटक्या शेपटीची तांबोशी, दुसऱ्यात अख्ख्या शेपटीची. दोन्हींत मी हसतेय.