मडफ्लॅप: साच्यातले की रबरी?

मडफ्लॅप, म्हणजे चाकामागे चिखल अडवायला लावतात त्या पट्ट्या, लावायचे की नाही, या वादात मी पडत नाही. जुलैत कोल्हापूरहून आंबा घाट उतरून एकदा साखरप्यापर्यंत जाऊन आलात की तो वाद आपोआप मिटतो. प्रश्न उरतो तो कुठले घ्यायचे याचा. एक तर गाडीच्या मॉडेलप्रमाणे साच्यातून काढलेले कडक प्लॅस्टिकचे, नाहीतर सपाट रबरी, जे बघून मित्र हमखास म्हणतात, "आता मागं हॉर्न ओके प्लीज पण लिहून घे." मी दोन पावसाळे साच्यातले वापरले, नंतरचे दोन रबरी. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणाराही तोच. मोजमाप असं काही केलेलं नाही, पण चार पावसाळ्यांचा चिखल धुतलाय.

दिसण्यात साच्यातले जिंकतात, यात वादच नाही. फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, गोलाईला चिकटून बसतात, गाडीचाच भाग वाटतात. बसवायलाही सोपे, कारण बहुतेक गाड्यांत लायनरला (चाकावरच्या आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणाला) आधीच असलेल्या स्क्रूच्या भोकांवरच ते येतात. हायवेला फडफडत नाहीत. तुमचं बहुतेक फिरणं शहरात असेल, तर खरं म्हणजे पुढचं वाचायचीही गरज नाही, तेच घ्या.

पण चिखला-चिखलात फरक असतो. आमच्याकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टर शेतातून डांबरीवर येतात आणि चाकांची काळी माती रस्त्यावर सोडत जातात. ही माती चिकट. कडक फ्लॅप आणि बॉडीच्या मधल्या फटीत ती ठासून बसते, वाळली की विटेसारखी होते आणि पाइपाच्या पाण्यालाही दाद देत नाही. मी एकदा जुन्या स्क्रू-ड्रायव्हरनं उकरून काढली तेव्हा फ्लॅपच्या कडेखालचा रंग घासून पांढरा पडलेला दिसला. अडकलेल्या मातीच्या खरखरीत कणांचा पॉलिश पेपर झाला होता. रबर चालताना सतत हलतं, वाकतं, त्यामुळे त्याच्यावर माती थर धरत नाही. हा मुद्दा रबराच्या बाजूचा, पण एवढ्यावरून मी काही बदलले नसते.

बदलले ते आईच्या साडीमुळे.

आजोळ साखरप्याजवळ, त्यामुळे पावसाळ्यात तीन-चार फेऱ्या ठरलेल्या. घाट उतरला की जांभ्याची तांबडी माती सुरू होते. ती काळ्या मातीसारखी चिकटत नाही, पातळ होऊन पाण्याबरोबर उडते. आई पुढच्या सीटवर बसते. उतरताना आधी डावा पाय खाली, मग दार धरून दुसरा, आणि या सगळ्यात साडीचा काठ दाराखालच्या उंबऱ्यावरून आरामात फिरून येतो. जांभ्याचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे जवळपास गंजाचाच. सुती साडीवरून तो डाग सहजी जात नाही. दोन पावसाळ्यांत दोन साड्या गेल्या. आई तोंडानं काही बोलली नाही, पण तिसऱ्या फेरीला तिनं मांडीवर एक जुनं फडकं घेतलं आणि उतरण्याआधी वाकून स्वतः उंबरा पुसला. मला ते लागलं.

फ्लॅप असून उंबरा भरतोच कसा, म्हणून मग नीट पाहिलं. उजवं वळण घेताना पुढच्या डाव्या चाकाची मागची कड बॉडीच्या रेषेबाहेर येते. साच्यातला फ्लॅप फेंडरच्या रेषेतच संपतो, म्हणून वळणावर उडालेलं पाणी त्याच्या बाहेरून थेट दारावर. घाटात वळणांना काय तोटा! शिवाय तो आखूडही असतो, आणि त्याचा दोष देता येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, १६० ते १७० मिमीच्या आसपास असतो. कडक फ्लॅप आणखी खाली आणला तर पहिल्याच दांडग्या स्पीडब्रेकरला तुटेल. रबर मात्र आपटलं की दुमडतं आणि पुन्हा सरळ होतं, म्हणून ते लांब ठेवता येतं, बाहेरही बोटभर काढता येतं. आजोळच्या अंगणात उतरताना माझे दर वेळी घासतात. आवाज येतो, बाकी काही होत नाही.

रबरी लावल्यावर उंबरा कोरडा राहतो असं म्हणणार नाही. शिंतोडे असतातच. पण फडकं आता डॅशबोर्डच्या खणात पडून आहे.

रबराची दुखणीही सांगतो. पातळ घेतलं तर ऐंशीच्या वेगाला मागे उडतं आणि उन्हाळ्यात कडा वळतात. मी ट्रकच्या स्पेअरच्या दुकानातून चार मिमीची शीट घेऊन पुठ्ठ्याच्या नमुन्यावर कापून घेतली; वर ॲल्युमिनियमची पट्टी टाकली, म्हणजे स्क्रूच्या जागी रबर फाटत नाही. मोठी अडचण मागच्या चाकांची. गाडी रिव्हर्स घेताना टायर दगडाला टेकला आणि फ्लॅप दोघांच्या मधे सापडला. स्क्रू, क्लिप, लायनरचा तुकडा, सगळं उपटून आलं. तेव्हापासून मागे पुन्हा माळ्यावरचे साच्यातलेच लावलेत. मागे तेवढे पुरतात. हॅचबॅकची मागची काच घाण होते ती गाडीमागे फिरणाऱ्या हवेमुळे. कुठलाही फ्लॅप ते फारसं थांबवत नाही.

बसवताना स्टिअरिंग पूर्ण वळवलंत तर पुढचं चाक न काढताही काम होतं. आधी आतली जागा धुऊन वाळवा, सगळे स्क्रू हातानं धरवा आणि शेवटी एकेक आवळा. लायनर प्लॅस्टिकचा असतो, जोर लावलात की आटे जातात. दुकानातला पोरगा ड्रिल घेऊन पत्र्याकडे वळला तर हात धरा. भोक पाडावंच लागलं तर कडेला गंजरोधक प्रायमर आणि स्टेनलेस स्क्रू, यात तडजोड नको. फ्लॅपची कड रंगाला टेकते तिथे पारदर्शक फिल्मची पट्टी चिकटवा, साच्यातल्यांना तर नक्कीच. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर घासत नाही ना बघा, आणि हे मागे तीन माणसं बसवून बघा. रिकाम्या गाडीत सगळंच बरोबर दिसतं.

घाटात एक फेरी झाली की स्क्रू पुन्हा तपासा. माझा डावीकडचा एक जवळजवळ अर्धा फेरा फिरला.