पथनाट्य की वस्तीतलाच पिअर एज्युकेटर?

गोवंडीतल्या एका मंडळाचा प्रश्न: एचआयव्ही जनजागृतीसाठी हाताशी पैसे थोडे, मग १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, पथनाट्य करावं, की वस्तीतलीच चार मुलंमुली प्रशिक्षण देऊन पिअर एज्युकेटर, म्हणजे आपल्याच बरोबरीच्यांना माहिती देणारे, म्हणून वर्षभर कामाला लावावीत?

खर्चात पथनाट्य स्वस्त. ढोलकी, बॅनर, चहा-वडापाव, झालं. पिअर एज्युकेटरला प्रशिक्षण आणि दरमहा थोडं मानधन लागतं. फुकट राबवलं तर पोरं गळतात.

गर्दी नाक्यावर जमते, हे खरं. पण कंडोम फाटला तर काय, हे गर्दीत कोण विचारणार? ते रात्री कट्ट्यावर, ओळखीच्याच पोराला विचारलं जातं. तोच पालिका रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, सोबत जातो. तिथे चाचणी मोफत असते, निकाल गोपनीय. विंडो पिरियडमुळे, म्हणजे लागण होऊनही सुरुवातीला चाचणीत ती दिसत नाही त्या काळामुळे, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची आठवणही तोच करतो. मात्र त्याचं तोंड सैल असेल तर सगळंच मुसळ केरात, म्हणून निवड जपून करा. अठराच्या आतल्यांच्या चाचणीला पालकांची संमती लागते, तेही त्याला माहीत हवं.

वस्तीत हा विषयच कुणी काढत नसेल, तर आधी पथनाट्य करा आणि १०९७ हेल्पलाइन सांगा. विषय निघतो पण चाचणीला कुणी जात नाही, अशी गत असेल तर पैसे पिअर एज्युकेटरवर घाला.