कीबोर्ड न बदलता दुरुस्त करून देणारे दुकान

लॅपटॉपचा कीबोर्ड मधूनच हँग होतो, ही तक्रार घेऊन संगणक दुरुस्तीच्या दुकानात गेले की बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते: कीबोर्ड गेला, बदलावा लागेल. हल्लीच्या अनेक लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या पॅनेललाच रिव्हेट केलेला असल्यामुळे ही बदलाबदली स्वस्तात होत नाही, आणि दोष मुळात ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कीबोर्डला विंडोजशी जोडणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये, असेल तर नवा कीबोर्ड बसवूनही तो जसाच्या तसा राहतो. पुण्याच्या तापकीर गल्लीतील ज्या छोट्या दुकानाविषयी मी लिहीत आहे, तेथे मला याच्या नेमका उलट अनुभव आला.

माझे काम मराठी पुस्तकांच्या टंकनाचे आणि मुद्रितशोधनाचे आहे, त्यामुळे दिवसभर बोटे कीबोर्डवरच असतात. लॅपटॉप स्लीपमधून जागा झाला की कीबोर्ड अधूनमधून पूर्ण निपचित पडत असे. माउस चालत असे, पडद्यावरचे घड्याळ पुढे सरकत असे, पण एकही अक्षर उमटत नसे. रीस्टार्ट केल्यावर सर्व सुरळीत होई. मात्र शट डाउन करून पुन्हा चालू केल्यास कधीकधी दोष तसाच राही. आधी ज्या दुकानात दाखवले होते, त्यांनी यंत्र न उघडताच नव्या पॅनेलचा भाव सांगितला होता.

या दुकानातील तरुण तंत्रज्ञाने स्क्रू ड्रायव्हरला हातही न लावता आधी कॅप्स लॉक दाबले. कॅप्स लॉकचा दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही. की दाबल्याचा संदेश विंडोजपर्यंत जातो आणि दिवा लावण्याची आज्ञा तेथून परत येते. त्यामुळे दिवा लागला तर ये-जा दोन्ही शाबूत आहे आणि अडकले आहे ते फक्त समोरचे सॉफ्टवेअर, असा निष्कर्ष निघतो. माझ्या यंत्रात दिवा लागला नाही. मग त्याने दुकानातला यूएसबी कीबोर्ड जोडला, तोही मुका. माउसने पडद्यावरचा कीबोर्ड उघडून अक्षरांवर क्लिक केले, तेव्हा मात्र ती बिनतक्रार उमटली. शेवटी यंत्र रीस्टार्ट करून विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोस सेटिंगमध्ये नेले आणि तेथे लॅपटॉपच्याच बाणांच्या कीजने मेनू खालीवर फिरवून दाखवला; म्हणजे कीबोर्ड शाबूत होता, अडथळा विंडोजमध्ये होता.

“मॅडम, पॅनेल आत्ता बदलून देऊ शकतो,” तो म्हणाला, “पण दोन वेगवेगळे कीबोर्ड एकाच क्षणी खराब होत नाहीत.”

या एका वाक्यासाठी मी या दुकानाला सर्वाधिक गुण देईन. लॅपटॉपचा आतला कीबोर्ड बहुधा पीएस-टू या जुन्या जोडणीने जोडलेला असतो आणि बाहेरचा यूएसबीने; दोघांचे खालचे ड्रायव्हर वेगळे, पण त्यावरचा केबीडीक्लास नावाचा थर दोघांचा एकच. दोन्ही कीबोर्ड एकत्र गोठत असतील तर दोष त्या सामायिक थरापाशी शोधायचा, हे त्याने मला कागदावर रेघा ओढून समजावले.

विंडोजमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणाऱ्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या प्रॉपर्टीजमधील ड्रायव्हर डिटेल्स उघडल्यावर प्रकार उघडकीस आला. तेथे फाइलींची यादी दिसते. माझ्या यादीत मायक्रोसॉफ्टच्या दोन फाइली होत्या आणि तिसरी होती पूर्वी कधीतरी काढून टाकलेल्या एका जुन्या मराठी टंकन सॉफ्टवेअरची. युनिकोडपूर्व फाँटमधल्या फाइली येणे थांबल्यावर ते सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल झाले होते, पण प्रत्येक की विंडोजपर्यंत पोहोचण्याआधी तपासणारा त्याचा फिल्टर ड्रायव्हर मागे उरला होता, आणि स्लीपनंतर तोच अडून बसत होता. इन्स्क्रिप्ट ही मराठी टंकनाची कळमांडणी विंडोजमध्ये आयतीच मिळत असल्यामुळे मला त्याचा आता काडीचाही उपयोग नव्हता. मराठी डीटीपीच्या संगणकांवर अशी जुनी सॉफ्टवेअरे एकावर एक चढवलेली असतात, त्यामुळे माझ्या व्यवसायातील वाचकांनी ही यादी एकदा उघडून पाहावी.

दुरुस्तीचे काम नाजूक होते आणि ते त्याने निगुतीने केले. आधी रीस्टोअर पॉइंट (काही बिघडल्यास विंडोजला मागे नेण्याची खूण) तयार केला, रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारातील, कीबोर्डच्या नोंदीची प्रत वेगळी ठेवली आणि मगच अपर फिल्टर्स या नोंदीतून त्या जुन्या ड्रायव्हरचे नाव खोडले. त्याच नोंदीत केबीडीक्लासचेही नाव असते. घाईघाईत पूर्ण नोंदच उडवली तर एकही कीबोर्ड चालत नाही आणि पासवर्डसुद्धा माउसने पडद्यावर टिपावा लागतो, म्हणून हा उद्योग घरी एकट्याने करू नये असे माझे मत आहे. त्यानंतर लॅपटॉप पुन्हा पुन्हा स्लीपमध्ये घालून आणि उठवून त्याने माझ्यासमोर खात्री करून घेतली.

शट डाउनने न जाणारा दोष रीस्टार्टने का जात होता, याचाही उलगडा तेथेच झाला. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. ‘बंद करून चालू करा’ असा सल्ला फोनवर सर्रास दिला जातो, त्यातली ही मेख क्वचितच कोणी सांगतो.

काउंटरवर थांबले असताना दुसऱ्या एका गृहस्थांचे काम पैसे न घेताच झालेले पाहिले. उजवी शिफ्ट की आठ सेकंद दाबून राहिली की फिल्टर कीज ही विंडोजची सोय सुरू होते, मग पटकन दाबलेल्या कीज विंडोज धरतच नाही आणि कीबोर्ड बिघडल्यासारखा वाटतो. ती सोय बंद करताच ते हसत परत गेले. नवा कीबोर्ड त्यांना सहज विकता आला असता.

ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करून देण्याचे आश्वासन देणारी सॉफ्टवेअरे हे दुकान टाकत नाही, हेही मला आवडले. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्यावा, आणि सर्व ठीक चालले असेल तर नुसता नवा आला म्हणून बदलू नये, असा त्यांचा शिरस्ता आहे. तो मला पटतो, कारण अधिकृत मार्गाने आलेला ड्रायव्हरसुद्धा दगा देऊ शकतो: ऑक्टोबर २०१८ मध्ये एचपीच्या एका कीबोर्ड ड्रायव्हरमुळे विंडोज १० असलेले काही संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले आणि तो काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टला वेगळे अपडेट द्यावे लागले. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर तर विंडोज ११ च्या रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले होते, आणि काही दिवसांत त्यावर तातडीची दुरुस्ती काढावी लागली.

आता उणिवा. दुरुस्तीच्या ओघात तंत्रज्ञाने यूएसबी हबची वीज वाचवण्याची सोयही बंद करून टाकली आणि ते मला घरी आल्यावर कळले. स्लीपनंतर यूएसबी कीबोर्ड न उठण्याचे ते एक नेहमीचे कारण असते हे खरे, पण त्यामुळे बॅटरीचा खर्च थोडा वाढतो आणि माझ्या दोषाशी त्याचा संबंध नव्हता. ग्राहकाच्या यंत्रात काय काय बदलले याची दोन ओळींची नोंद द्यायला काय हरकत आहे? पावतीवर केवळ ‘सर्व्हिस चार्ज’ एवढेच लिहिलेले होते. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी माझ्या फाइलींचा बॅकअप आहे का, हे विचारले गेले नाही; मी तो घेऊनच गेले होते ही गोष्ट वेगळी. शिवाय संध्याकाळी दुकानात उभे राहायलाही जागा नसते, म्हणून सकाळी उघडताच जाणे सोयीचे.

आकारलेले पाचशे रुपये मला वाजवी वाटले. चहा किंवा पाणी सांडून बिघडलेला कीबोर्ड मात्र हे दुकान स्वतः उघडत नाही, बाहेर पाठवते. तसे काही झाले असेल तर थेट त्या कामाच्या कारागिराकडेच जावे.