सोनौलीमार्गे गाडी नेपाळला नेताय? भन्सारच्या नावाखाली आम्ही असे फसलो

गोरखपूर ते सोनौली, म्हणजे सीमेवरचं आपल्या बाजूचं गाव, हा रस्ता जेमतेम १०० किमीचा, पण मुक्तिनाथच्या ट्रिपमधला सगळ्यात वाईट अनुभव इथेच आला, म्हणून लिहितोय. नौतनवाच्या पुढे ट्रकची ही मोठी रांग, गाडी हलेना, आणि एमएच पासिंग बघून एक माणूस काचेशी आला, गळ्यात आयकार्डसारखं काहीतरी. म्हणे भन्सार इथेच करून देतो, पुढे चार तास मोडतील. भन्सार म्हणजे आपली गाडी तिकडे न्यायला नेपाळच्या कस्टमला दिवसाच्या हिशोबाने भरायचे पैसे. बाबांना शुगर, आई उन्हाने वैतागलेली, मी आरसी आणि लायसन्स त्याच्या हातात देऊन टाकलं. तिथेच घात झाला, कारण आरसी त्याच्याकडे म्हटल्यावर तो मागेल ते द्यावंच लागतं. सात दिवसांचे पैसे घेतले, वर माणशी एंट्रीचे म्हणून वेगळे! अहो भारतीयांना नेपाळचा व्हिसाच लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार कार्ड पुरतं.

पावती दिली ती आरसीच्या प्लास्टिक कव्हरात घडी घालून, मागून हॉर्न चालू, कोण उघडून बघतंय. नंतर बघितली तर तारखा आपल्याच देवनागरीत, पण विक्रम संवताच्या, साल २०८१, त्यामुळे कधीपासून कधीपर्यंत काहीच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी पोखऱ्यात पोलिसाने त्या आकड्यावर बोट ठेवून सांगितलं, ही दोनच दिवसांची आहे. राहिलेले दिवस आणि वर दंड. बाबांनी मुक्तिनाथच्या पूजेसाठी रुमालात बांधून ठेवलेले पैसे काढून दिले, ते मला अजून आठवतं.

परतताना सीमेपलीकडच्या बेलहियाच्या भन्सार काउंटरवर विचारलं तेव्हा आणखी एक कळलं, नेपाळी रुपयातला दर त्याने आम्हाला भारतीय रुपयात लावला होता. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा दर १९९३ पासून तोच आहे, तरी आमच्या डोक्यात आलं नाही.

तर भन्सार गेट ओलांडून नेपाळच्या बाजूला बेलहियातच करा, स्वतः खिडकीपाशी उभं राहून, कितीही रांग असू दे. दिवस मोजून घ्या, एखादा जास्तच धरा, घाटात दरड कोसळली की परतीला उशीर होतो. वर्षाला एकूण ३० दिवसच मिळतात तेही लक्षात असू द्या. आणि पावतीवर विक्रम संवताच्या शेजारी इंग्रजी तारीख लिहून मागा, आम्ही मागितली तर त्या खिडकीतल्या माणसाने लगेच पेनाने लिहून दिली.