अपघाती मृत्यूच्या क्लेमसाठी केलेला वकील: दीड वर्षानंतरचा अनुभव

दाजी गेले त्याला दीड वर्ष होत आलं. ताईच्या नावानं क्लेमची केस चालू आहे आणि निकाल अजून लागलेला नाही. तरी आत्ताच लिहितोय. निकाल लागला की माणूस आलेल्या आकड्यावरून वकिलाला चांगला-वाईट ठरवून मोकळा होतो, आणि मला जे सांगायचंय ते आकडा ठरायच्या आधीच्या कामाबद्दल आहे. वकीलसाहेबांचं नाव मात्र विचारू नका, देणार नाही.

आमचं गाव गेवराई तालुक्यात. दाजींचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. गेट, ग्रिल, शटर, गोठ्याचे शेड अशी कामं. वय ३४. कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावर, शेजारच्या जिल्ह्याच्या हद्दीत, मोटारसायकलवरून येताना टेम्पोनं धडक दिली. मागं ताई, दोन लेकरं आणि सासू-सासरे.

क्लेमवाले शोधावे लागत नाहीत, तेच आपल्याला शोधत येतात. पीएमच्या खोलीबाहेर आम्ही बॉडी ताब्यात मिळायची वाट बघत होतो, तिथंच एकानं माझ्या खिशात कार्ड सरकवलं. "खर्च एक रुपया नाही. आलेल्या पैशात पंचवीस टक्के. पण केस इथंच टाकावी लागंल, अपघात इथं झालाय ना." यातलं शेवटचं वाक्य धडधडीत खोटं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अपघात झाला तिथं, अर्जदार राहतो तिथं किंवा सामनेवाला राहतो तिथं, कुठंही दावा टाकता येतो. पुणे, चाकण, सुरत अशा ठिकाणी कामाला गेलेल्या आपल्याकडच्या पोरांच्या घरच्यांनी तरी हे पक्कं लक्षात ठेवावं. तारखेला तिकडं खेटे घालायची गरज नाही, आपल्या जिल्ह्यात केस चालते.

टक्क्यांचं बोलायचं तर बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेता येत नाही. प्रत्यक्षात आमच्याकडं बॉन्डवर लिहून घेतात. गरिबाजवळ आधी द्यायला पैसे नसतात, म्हणून तो टक्क्यावर जातो, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. माझी शंका वेगळी होती. ज्याला टक्का घ्यायचाय त्याला तीन वर्षं राबून तीस लाख आणण्यापेक्षा सहा महिन्यांत वीस लाखांवर सही करून घेणं जास्त परवडतं. आपल्याला मात्र ते दहा लाख कधीच परत दिसत नाहीत.

तेराव्याच्या आसपास आणखी एक गृहस्थ घरी आले. चूक कुणाची हे बघायची गरज नाही, पाच लाख लगेच मिळवून देतो, फक्त ताईची सही लागंल, म्हणाले. पाच लाखांची तरतूद खरी आहे. कलम १६४ मध्ये मृत्यूसाठी चूक सिद्ध न करता पाच लाख मिळतात. पण ती रक्कम कलम १४९ च्या तडजोडीच्या पद्धतीनं स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो, हे त्यांनी सांगितलं नाही. सासरे सही करायच्या बेतात होते. "पाच तर पाच, हातात तर येतील," असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दोष कसा देणार?

मग मी बीडच्या कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे मला तिथं कळलं. १९८७ च्या कायद्यातच ते आहे. फोनवर सल्ला हवा असेल तर १५१०० हा नंबर आहे. तिथल्या बाईंनी दुसरी महत्त्वाची गोष्ट सांगितली, ती मुदतीची. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा दाखल करायचा आहे. त्याआधी कित्येक वर्षं मुदतच नव्हती, त्यामुळं गावातली जाणती माणसं अजून "क्लेमला मुदत नसती, वर्षश्राद्ध झाल्यावर बघू" म्हणतात. त्यांचं ऐकू नका.

पुढं आम्ही खाजगी वकील केले, कारण ते बहुतेक क्लेमचंच काम करतात आणि दुकानावरच्या कारागिराच्या चुलत्याची केस त्यांनी चालवलेली होती. पहिल्या भेटीत अपघात कसा झाला हे त्यांनी फारसं विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच: "दाजी महिन्याला किती कमवायचे, आणि ते कुठल्या कागदावर दिसतं?" माझ्या मते अख्ख्या दीड वर्षातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच.

त्यांनी टेबलावरच्या कागदावर हिशोब मांडून दाखवला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालात वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीनं गुणायचं तो आकडा, ठरलेत, ३१ ते ३५ वयाला १६. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल तर भविष्यातल्या वाढीपोटी कमाईत ४० टक्के धरायचे. चार ते सहा माणसं अवलंबून असतील तर मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी कमाईतला पाव हिस्सा वजा. आता महिना १५,००० धरले तर २१,००० होतात, वर्षाचे २,५२,०००, पाव वजा जाता १,८९,०००, गुणिले १६ म्हणजे ३०,२४,०००. तेच कोर्टानं महिना १०,०००च मानले तर २०,१६,०००. महिन्याच्या पाच हजारांच्या फरकाचे दहा लाख होतात. बाकी सहवासाच्या नुकसानीचे प्रत्येक वारसाला ४८,४००, अंत्यविधीचे आणि मालमत्तेच्या हानीचे १८,१५० प्रत्येकी, हे आकडे जवळपास ठरलेलेच आहेत. त्यात वकिलाचं कसब लागत नाही. कसब लागतं ते कमाई दाखवण्यात.

आणि आपल्याकडच्या धंदेवाल्याची कमाई कागदावर कुठं असते? दाजींनी आयटी रिटर्न कधी भरलं नव्हतं. जीएसटी नाही. खात्यावर पैसे यायचे ते उचलून पत्र्यावाल्याला द्यायचे. बहुतेक व्यवहार रोखीत. वकीलसाहेबांनी मला यादी वगैरे दिली नाही, दुकानात जाऊन एक दिवस बस म्हणाले. बसलो. पहिल्यांदा पिग्मीचं पासबुक सापडलं. पतसंस्थेचा एजंट रोज संध्याकाळी यायचा आणि दाजी रोज दोनशे रुपये टाकायचे. पानामागून पान दोनशे, दोनशे, पोळ्याला आणि दिवाळीत तेवढा खंड. मग कोटेशनची पुस्तकं, कार्बनच्या निळ्या प्रती, त्यावर गिऱ्हाईकांच्या सह्या. वेल्डिंग रॉड आणि अँगल ज्याच्याकडून घ्यायचे त्याची उधारीची वही. थ्री फेजच्या मीटरची बिलं. मोबाइलमध्ये बसवलेल्या गेटांचे फोटो, तारखेसकट. शॉप ॲक्टचं लायसन्स भिंतीवर होतं, काचेच्या चौकटीत, वर हार घातलेलं.

त्या ढिगातून वकीलसाहेबांनी तीनच गोष्टी वरती काढल्या: पिग्मी, विजेची बिलं आणि हाताखालच्या कारागिराची साक्ष. कारागिराला रोज ५०० मिळायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्याच्या दुकानात पोरगा रोज पाचशे घेऊन जातो, तो मालक स्वतः मजुरापेक्षा कमी कमवत होता हे विमा कंपनीनं कुठल्या तोंडानं सांगायचं? पतसंस्थेचा माणूस साक्षीला बोलवायला त्यांनी समन्स काढलं, नुसती झेरॉक्स लावून थांबले नाहीत.

दुसरं खरं काम स्पॉट पंचनाम्याचं. फिर्याद दाजींच्या चुलतभावानं दिली होती. तो जागेवर नव्हता, फोन आल्यावर पळत गेलेला माणूस. त्यात "समोरासमोर धडक" असं लिहिलं गेलं. या एका शब्दावर विमा कंपनी दोघांचीही चूक म्हणते आणि निम्मे पैसे कापायला बघते. साहेबांनी फिर्याद बाजूला ठेवून पंचनाम्याचा नकाशा मागवला. त्यात मोटारसायकल, फुटलेल्या काचा आणि रक्ताचे डाग डाव्या साइडपट्टीजवळ दाखवलेत, म्हणजे दाजी आपल्याच बाजूनं येत होते. टेम्पो आपली लेन सोडून आला. नियमाप्रमाणे पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडं, म्हणजे क्लेमच्या केसेस चालवणाऱ्या कोर्टाकडं, पाठवायचा असतो. आमच्या बाबतीत कागद हलवायला मला चकरा माराव्या लागल्या, आणि प्रत्येक वेळी ज्यांच्याकडं तपास होता ते साहेब बंदोबस्ताला गेलेले. हेल्मेट डोक्यावर होतं की नाही, लायसन्स चालू होतं का, हे दोन प्रश्न येणार हे आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळं ते कागद तयार होते.

आता तक्रारी. साहेब फोन उचलत नाहीत. त्यांचा कारकून उचलतो आणि "साहेब बोर्डावर आहेत", म्हणजे कोर्टात केस चालवतायत, एवढंच सांगतो. तारखेला गेल्यावर ज्युनिअरनं पुढची तारीख मागून घेतली असं झालंय, आणि त्या दिवशी सासू गुडघे धरत एसटीनं आलेली होती. मी नंतर सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा असतो तो वेगळा नंबर, घेऊन ई-कोर्ट्स ॲपवर स्वतःच तारीख बघायला लागलो. त्यात आदल्या तारखेला काय झालं हेही दिसतं, मग कारकुनाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. दुसरं म्हणजे ताईशी ते बोलतच नव्हते. सगळं मला किंवा सासऱ्यांना सांगायचे. अर्जदार नंबर एक ताई आहे हे मी त्यांना दोनदा म्हणालो, तेव्हा सुधारले.

उलटतपासणीची तयारी मात्र त्यांनी ताईची नीट करून घेतली. पाठ करून काही बोलायचं नाही, माहीत नसलं तर माहीत नाही म्हणायचं, एवढंच शिकवलं. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "मालक महिन्याला घरात किती द्यायचे, लिहून ठेवलंय का कुठं?" ताई म्हणाली, "घरात कोण लिहून ठेवतंय साहेब? पोराची फी, दवाखाना, किराणा, कशाला कधी नाही म्हणले नाहीत." न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहून घेतलं. जबाब कायद्याच्या दृष्टीनं किती कामाचा ते मला सांगता येणार नाही, पण ताई ठामपणे बोलली.

मध्ये लोकअदालत झाली. कंपनीनं आकडा दिला, तो दहा हजारांच्या हिशोबाच्याही खालचा होता. साहेबांनी दोन्ही बाजू सांगितल्या. घेतला तर पैसे लवकर, कोर्ट फी परत, पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, तिथंच संपलं. नाही घेतला तर अर्ज टाकल्यापासूनचं व्याज चालू राहतं, पण वेळ किती लागेल याची खात्री नाही. निर्णय तुमचा, म्हणाले. पिग्मीचं पासबुक दाखल झालेलं असताना एवढ्यात सोडायचं नाही, असं ताईनंच ठरवलं. सासरे दोन दिवस बोलले नाहीत.

घरातली ही गोष्ट लोक लिहीत नाहीत, पण क्लेमची निम्मी भांडणं सासर आणि माहेर यांच्यात होतात. सून उद्या दुसरं लग्न करील आणि पैसे घेऊन जाईल, ही भीती भावकीत कुणीतरी पेरतंच. साहेबांनी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की वाटे न्यायाधिकरण ठरवतं. लेकरांचा वाटा ती १८ वर्षांची होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहतो, ताईच्या वाट्यातलाही बराचसा भाग ठेवीत जातो, आणि पुनर्विवाह केला म्हणून बायकोचा हक्क जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलेलं आहे. सासूलाही तिचा वाटा मिळतो हे ऐकल्यावर घरातलं वातावरण निवळलं. एवढ्या एका बैठकीसाठी मी त्यांना फोन न उचलण्याचं माफ करतो.

आणखी एक, क्लेमच्या बाहेरचं. साहेबांनीच विचारलं की बँकेतून वर्षाला वीस रुपये कटत होते का. पासबुक बघितलं तर कटत होते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे दोन लाख त्यामुळं मिळाले. सातबारा सासऱ्यांच्या नावावर असल्यानं गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचाही अर्ज केला, तिथं घरातल्या एका सदस्यालाही संरक्षण आहे. त्याचं उत्तर अजून यायचंय.

फी ठरली ती टप्प्याटप्प्यानं: दाखल करताना, पुराव्याच्या वेळी आणि युक्तिवादाच्या वेळी. प्रत्येक वेळी पावती मागून घेतली, देताना जरा तोंड वाकडं झालं पण दिली. पहिले पैसे सासऱ्यांनी कापूस विकून भरले. शेवटचा हप्ता बाकी आहे.

सध्या कंपनीच्या साक्षीदाराची वाट बघणं चालू आहे. निकाल आमच्या बाजूनं लागला तरी कंपनी ९० दिवसांत संभाजीनगरच्या खंडपीठात अपिलाला जाऊ शकते. ते काम आमचे साहेब करत नाहीत, तिथला वेगळा वकील लागेल आणि त्याची फी वेगळी, हे त्यांनी वकीलपत्रावर सही घ्यायच्या आधीच सांगितलं होतं. तिथला वकील निवडतानाही पहिल्या भेटीत तो काय विचारतो तेच मी बघणार आहे.