राजारामपुरीतला संशोधन पद्धतीचा वर्ग: प्रश्न विचारायला शिकवतात, आकडेवारीत मात्र घाई

कोल्हापुरात राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर नवख्यांसाठी संशोधन पद्धतीचा वर्ग चालतो. सहा रविवार, सकाळी दहा ते एक, फी अडीच हजार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. कृतिसंशोधनाचे, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर शिक्षकानं केलेल्या अभ्यासाचे अहवाल दरवर्षी एकाच साच्यातून निघताना बघत आलेय. आता एम.एड.चा लघुशोधप्रबंध समोर आहे, म्हणून नाव घातलं. शिकवणाऱ्या मॅडम अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका.

दुसऱ्याच्या वर्गात बसले की माझं अर्धं लक्ष तो कसा शिकवतोय याकडंच असतं. तर त्या नजरेनं सांगते.

या विषयाची सुरुवात सहसा व्याख्यांनी होते. मूलभूत-उपयोजित, गुणात्मक-संख्यात्मक, आणि तासाभरात निम्मा वर्ग पेंगायला लागतो. इथं मॅडमनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: ‘कोल्हापूरची माणसं तिखट जास्त खातात.’ खरं की खोटं? सगळे हसले, खरंच आहे की! मग प्रश्न सुरू झाले. कोल्हापूरची म्हणजे शहरातली की जिल्ह्यातली? इचलकरंजी धरायची का? जास्त म्हणजे कुणापेक्षा? मोजायचं कशावर, वर्षाला घरात किती किलो चटणी लागते त्यावर? मग पुण्याची लेक डबा भरून नेते ती कुणाच्या हिशेबात? चांगलंच भांडण रंगलं. एकजण वैतागून म्हणाला, “मग काही सिद्धच करता येणार नाही.” मॅडम म्हणाल्या, “येईल की. आधी वाक्य लहान करा.” ‘कार्यात्मक व्याख्या’, म्हणजे एखादी गोष्ट नेमकी कशी मोजायची ते ठरवणं, हे शब्द फळ्यावर आले ते त्यानंतर. तोवर ती सगळ्यांना समजलेली होती.

विषयांच्या शीर्षकांवरही अशीच कात्री चालली. आमच्यातल्या बहुतेकांची शीर्षकं ‘…एक चिकित्सक अभ्यास’ अशी संपत होती. मॅडमनी सरसकट शेपूट छाटलं आणि विचारलं, “आता काय उरलं?” काहींचं फारसं काही उरलं नाही.

सगळ्यात चांगला भाग नमुना निवडीचा, म्हणजे सगळ्यांऐवजी कुणाकुणाला विचारायचं ते ठरवण्याचा. सकाळी सहाला रंकाळ्यावर उभं राहून ‘तुम्ही रोज व्यायाम करता का’ असं विचारलं तर काय उत्तर येईल, इथून सुरुवात. तिथून थेट १९३६ ची अमेरिका. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांनी रूझवेल्टच्या विरोधातले लँडन जिंकणार म्हणून छापलं. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडं असणार? शिवाय ज्यांनी पत्रिका परत पाठवल्या तेही वेगळ्याच मताचे निघाले. नमुना मोठा म्हणजे चांगला, ही समजूत तिथंच मोडली.

पन्हाळ्याकडच्या एका मुलाचा विषय होता, गुऱ्हाळघरं बंद का पडतात. चाळीस चालू गुऱ्हाळघरांच्या मालकांना प्रश्नावली द्यायचा त्याचा बेत. मॅडमनी त्याला नुसतं विचारलं, “बंद का पडली, ते चालू असलेल्यांना कसं ठाऊक?” तो गप्प. मग वर्गानंच सुचवलं: बंद पडलेल्यांचे मालक शोध, त्यांच्याकडं काम करणारे गुळवे आता काय करतात ते बघ, आणि चालू-बंद दोन्ही शेजारी ठेवून तुलना कर. शिकवणं म्हणतात ते हे.

प्रश्नावलीचा तास माझ्या कामाचा. ‘शाळेतला पोषण आहार चविष्ट व पौष्टिक आहे का?’ हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. चव आवडली पण पौष्टिक वाटत नाही, त्यानं कुठं खूण करायची? आणि आहार शिजवणाऱ्या मावशी शेजारी उभ्या असताना पोरं काय सांगणार, हेही निघालं. पालकांच्या संमतीबद्दल मात्र दहाच मिनिटं मिळाली. लहान मुलांवर काम करणारे आम्ही बरेचजण होतो, ती कमी पडली.

वाङ्मयचोरीचा आणि संदर्भ देण्याचा रविवार ठीक. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे सांगितलं. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात प्रबंध कसे शोधायचे तेही करून दाखवलं. (खाली दुकानात ‘प्रोजेक्ट करून मिळतील’ अशी पाटी आहे. मॅडमना ती रोज दिसत असणार.)

आता तक्रार. सगळं संख्याशास्त्र शेवटच्या रविवारात कोंबलंय. सुरुवात बरी झाली. जो तो ३८४ चा नमुना का घेतो, ते मांडून दाखवलं: १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा आकडा) चा वर्ग, गुणिले ०.२५ (मतं निम्मी-निम्मी धरून), भागिले ०.०५ (पाच टक्के चूक चालेल म्हणून) चा वर्ग. हा आकडा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीसाठीचा आहे, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर गुगल फॉर्म फिरवून ३८४ भरले तर त्याला अर्थ नाही, हेही सांगितलं. पण नंतर आकडे तपासायच्या पद्धती, टी-चाचणी, काय-वर्ग, सहसंबंध, अ‍ॅनोव्हा, सगळं एकावर एक. ‘पी ०.०५ पेक्षा कमी आलं की शून्य परिकल्पना नाकारायची’ हे पाढ्यासारखं म्हणून घेतलं. एकीनं विचारलं, “म्हणजे आपलं म्हणणं ९५ टक्के खरं, असं ना?” उत्तर मिळालं, “तसंच समजा.” तसं नाही समजायचं! शून्य परिकल्पना, म्हणजे ‘खरा फरक नाहीच’ हे गृहीतक, खरी आहे असं धरून चाललं, तर निदान इतका फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता किती, एवढंच ‘पी’ सांगतो. पहिल्या दिवशी ‘तिखट’ शब्दावर इतका वेळ देणाऱ्या बाईंनी इथं पंधरा मिनिटं द्यायला हवी होती. आकडेवारीला निदान दोन रविवार द्या आणि फी हवी तर वाढवा, असं मी त्यांना लिहून दिलंय.

बाकी किरकोळ. जिना अरुंद आणि खडा आहे, गुडघ्याचं दुखणं असेल त्यांनी विचार करावा. टिपणांच्या झेरॉक्स फिक्या, दुकान खाली असूनही. प्रमाणपत्र मिळतं, पण तेवढ्यासाठीच जाणार असाल तर कंटाळाल, कारण दर रविवारी घरचा अभ्यास असतो आणि तो तपासतात.

पुढची तुकडी दिवाळीनंतर. शीर्षक पेन्सिलीनं लिहून न्या.