वापरलेल्या प्लास्टिक फ्रेम: खरवडायच्या, धुवायच्या की बदलायच्या?

हंगाम संपल्यावर मधमाश्यांच्या पेटीतून उतरवलेल्या काळ्याकुट्ट प्लास्टिक फ्रेमांचे (ज्यावर माश्या पोळे बांधतात त्या चौकटींचे) काय करायचे, याला चार वाटा आहेत. थंडीत खरवडायच्या, पाण्याच्या दाबाने धुवायच्या, गरम पाण्यात बुडवायच्या, नाहीतर सरळ टाकून नव्या घ्यायच्या. माझा कौल आधीच सांगतो: वसाहत निरोगी होती आणि फ्रेम वाकलेली नाही, तर थंडीत खरवडा आणि वरून मेणाचा एक पातळ हात द्या. बाकीच्या वाटा ठरावीक अडचणीतच परवडतात. आणि ज्या गोष्टीवर सगळे कमी बोलतात ती म्हणजे मेण. मेण कुठले लावले आणि कधी लावले यावर निकाल जास्त अवलंबून असतो. फ्रेम किती चकचकीत झाली यावर फारच कमी.

इथे सगळे मेलिफेरा या युरोपियन मधमाशीबद्दल आहे. आपल्या देशी सातेरीच्या कामकरी माशीचे घर मेलिफेरापेक्षा लहान असते, त्यामुळे मेलिफेराच्या मापाचे षटकोनी ठसे असलेला फ्रेमेमधला पत्रा सातेरीला देऊन उपयोग नाही. आपल्याकडे बहुतेक मधपाळ अजून लाकडी चौकट, तार आणि मेणपत्रा (तसेच ठसे असलेला मेणाचा पत्रा) यांवरच आहेत. प्लास्टिककडे वळतात ते मुख्यतः पेट्या ट्रकवर घालून मोहरीला राजस्थानात, सूर्यफुलाला मराठवाड्यात हलवणारे. त्यांचे कारण रास्त आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर आणि चाळीस अंशांच्या उन्हात नवे मेणाचे पोळे तारेवरून लोंबते, कधी गळून पडते. प्लास्टिकच्या कण्यावर बांधलेले पोळे मध काढायच्या यंत्रातही फाटत नाही.

आधी काय टाकायचे ते ठरवा

स्वच्छता सुरू करण्याआधी ढिगातून फ्रेमा निवडा. प्रत्येक फ्रेम डोळ्यासमोर आडवी धरून कडेने बघा. मधला पत्रा धनुष्यासारखा वाकला असेल तर ती बाद. दोन पोळ्यांमध्ये माश्यांना चालायला जागा लागते ती जेमतेम ६ ते ९ मिलिमीटर. पत्रा वाकला की एका बाजूला ती कमी पडते, दुसऱ्या बाजूला जास्त होते आणि तिथे माश्या आडवेतिडवे मेण भरतात. कान (पेटीच्या कडेवर टेकणारी टोके) तुटलेली फ्रेमही बाद, कारण मधाने भरल्यावर ती हातातून सुटणारच.

रोगाच्या बाबतीत मात्र हिशेब करू नका. अमेरिकन फाउलब्रूड या अळ्यांच्या जिवाणूजन्य रोगाचा संशय असलेल्या पेटीतली फ्रेम खरवडून, धुऊन, उकळून परत वापरात आणायची नाही. त्या जिवाणूचे बीजाणू कोरड्या पोळ्यात दशकानुदशके जिवंत राहतात आणि साध्या उकळण्याने मरत नाहीत. मेलेल्या अळीत काडी घालून वर ओढली की तपकिरी, चिकट दोरा लांबत जातो, ही त्याची ओळख. अशा फ्रेमा शेतात उघड्यावर जाळू नका, प्लास्टिकचा धूर कुणाच्याच भल्याचा नाही. माश्या पोचणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुरा. याच कारणाने अनोळखी माणसाकडून पोळ्यासकट जुन्या फ्रेमा स्वस्तात मिळत असल्या तरी मी घेणार नाही. कोरी फ्रेम महाग वाटते, पण त्या फ्रेमेमागची पेटी कशाने गेली होती हे विकणारा सांगत नाही.

खरवडणे विरुद्ध धुणे

खरवडण्याचे सगळे गणित तापमानावर आहे. उन्हाळ्यात जुने पोळे चामड्यासारखे वाकते, प्रोपोलिस (माश्यांचा डिंक) च्युइंगमसारखे ताणते आणि माणूस घामाघूम होऊनही चार फ्रेमा पुऱ्या होत नाहीत. तेच पोळे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बिस्किटासारखे तुटते. नाशिक, निफाडकडच्यांनी थंडीची लाट आली की सकाळी आठच्या आत काम उरकावे. कोकणात आणि मुंबईच्या आसपास अशी थंडी पडत नाही, तिथे डीप फ्रीझर हाच उपाय. त्यात दुहेरी फायदा आहे: उणे १५ अंशांना दोन तासांत मेणकिड्याची (पोळे खाणाऱ्या पतंगाची) अंडी, अळ्या, कोष सगळे मरते. अर्थात पोळ्याच्या गाभ्यापर्यंत थंडी पोचायला वेळ लागतो, म्हणून फ्रेमा पूर्ण रात्र आत ठेवा आणि बाहेर काढल्या काढल्या खरवडा.

हत्यार कुठले? हाइव्ह टूलची (पेटी उघडायच्या लोखंडी पट्टीची) धारदार कड पत्र्यावरचे षटकोनी ठसे खरवडून काढते, आणि तेच ठसे माशीला घर कुठे बांधायचे ते दाखवतात. रंगकाम करणाऱ्यांची रुंद, बोथट पट्टी चांगली. पत्र्याला समांतर धरून ढकलायची, टोचायची नाही. एक गोष्ट मुद्दाम सांगतो: पत्र्यावर मेणाचा पातळ थर आणि घरांच्या भिंतींच्या खुणा राहिल्या तर राहू द्या. माश्या त्याच खुणांवरून पुन्हा बांधतात. फ्रेम घासून घासून कोरी करणाऱ्याला मग मेण जास्त लागते, एवढेच.

प्रेशर वॉशर मोठ्या ढिगासाठी खरा वेगवान आहे. पिलांच्या घरांतले जुने कोषांचे थर, वाळलेले परागकण, मेणकिड्याची जाळी आणि विष्ठा, जे पट्टीने कोपऱ्यांतून निघत नाही, ते पाण्याच्या झोताने निघते. तोटे मात्र तीन आहेत. मेण आणि घाण यांचा चिखल सगळीकडे उडतो, त्यामुळे ते मेण वितळवायला परत मिळत नाही. झोत फार जवळून मारला तर पत्रा चौकटीच्या खाचेतून सुटतो. तिसरा तोटा आपल्या भागातला खास: ज्यांच्याकडे गाडी धुण्याचा पंप नाही त्यांना द्राक्ष-डाळिंबावर फवारणी करणारा एचटीपी पंप आठवतो. तो अजिबात वापरू नका. पंपाच्या आणि नळीच्या आत कीटकनाशकाचा अंश राहतो, मेण तो शोषून घेते, आणि त्यावर तुम्ही पिलांना वाढवायला माश्या सोडणार. पैसे वाचवायचे असतील तर खरवडा. हा पंप नको.

थोडक्यात, थोड्या फ्रेमा असतील तर पट्टी, ढीग मोठा आणि मेणकिड्याने माखलेला असेल तर धुणे. दोन्ही एकत्र केलेले सगळ्यांत चांगले: आधी थंडीत खरवडून मेण वेगळे साठवा, मग फक्त घाण राहिलेल्या फ्रेमांवर पाणी मारा. काम कुठेही करा, पण पेट्यांपासून लांब किंवा बंद खोलीत. मधाचा वास असलेली फ्रेम उघड्यावर पडली की पेट्यांपेट्यांतल्या माश्यांची लूटमार सुरू होते, आणि दुबळ्या पेट्यांचे हाल होतात. मध शिल्लक असलेल्या फ्रेमा आधी मजबूत वसाहतीच्या आतील झाकणावर रिकाम्या सुपरात (मधाच्या वरच्या कप्प्यात) ठेवून माश्यांकडून चाटून घ्या.

गरम पाण्याचा मार्ग मला आवडत नाही. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे त्याहून थोडे गरम पाणी पुरते, पण चुलीवरच्या पातेल्यात तापमान राखणे कठीण. उकळत्या पाण्यात प्लास्टिक मऊ पडून पिळते. शिवाय वितळलेले मेण वर तरंगते आणि फ्रेम बाहेर काढताना घाणीसकट तिच्यावर परत बसते. मेण वितळवायचे सौर यंत्रही प्लास्टिकसाठी नाही. एप्रिल-मेच्या उन्हात काचेखाली आतली फ्रेम वाकायला वेळ लागत नाही. प्रोपोलिसने माखलेल्या कडांसाठी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून ब्रश मारा, नंतर साध्या पाण्याने नीट धुवा. तेवढे पुरे.

मेण: कुठले, किती, कसे

माशी कोऱ्या प्लास्टिकला नाके मुरडते. मेण नसलेल्या पत्र्यावर ती बांधत नाही, किंवा पत्र्यापासून सुटे, आडवे पोळे लटकवते आणि मागे पोकळी राहते. तिथे राणी अंडी घालते, व्हॅरोआ (माश्यांवर जगणारा परजीवी कोळीकिडा) लपतो, आणि तपासणी करताना दोन्ही दिसत नाहीत. म्हणून मेण चढवायचेच.

सर्वांत चांगले मेण म्हणजे मध काढताना मधाच्या घरांवरून सुरीने कापलेल्या झाकणांचे. ते दर वर्षी नवे बनते, त्यात औषधांचे अंश कमी. उलट पिलांच्या काळ्या पोळ्यातून वितळवून मेण थोडेच निघते, चोथाच जास्त, आणि व्हॅरोआसाठी वापरलेली फ्लुव्हॅलिनेटसारखी औषधे वर्षानुवर्षे त्यात साठत जातात. खरवडलेले मेण मेणबत्तीला द्या, फ्रेमेला नको. बाजारातल्या मेणात पॅराफिनची भेसळ ही जुनीच तक्रार आहे. संशय आला तर तुकडा चावून बघा. शुद्ध मेण चघळताना दाताला चिकटत नाही, आणि तोडले तर आत दाणेदार, निस्तेज दिसते.

आता हिशेब. पूर्ण मापाच्या एका पत्र्याला दोन्ही बाजूंनी साधारण २५ ते ३० ग्रॅम मेण पुरते. त्याच मापाचा मेणपत्रा त्याच्या दुपटीहून जड असतो. आणि १०० किलो मध काढला तर झाकणांचे १ ते २ किलो मेण हाती येते, म्हणजे तीसेक ते साठेक फ्रेमांची सोय घरातच. ज्याच्याकडे मध आहे त्याला मेण विकत घ्यायची गरज सहसा पडत नाही. ते मेण वितळवून ठेवायचा आळस मात्र पडतो.

चढवायची पद्धत: फोम रोलर, ब्रश नाही. ब्रशने मेण घरांच्या तळाशी साचते आणि षटकोनांच्या कडा कोरड्या राहतात. माशीला मेण हवे असते ते कडांवर, कारण तिथूनच भिंत उचलायची असते. रंगाच्या दुकानात मिळणारा छोटा फोम रोलर बरोबर कडांवरून फिरतो. मेण पाण्यात ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यात ७० ते ८० अंशांवर ठेवा. थेट आचेवर कधीच नाही. मेण पेट घेते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकले तर भडका उडतो. लोखंडी किंवा तांब्याचे भांडे मेणाचा रंग घालवते. फ्रेमा आधी थोडा वेळ उन्हात ठेवल्या तर मेण चांगले धरते. थंड फ्रेमेवर ते पापुद्र्यासारखे बसते आणि वाहतुकीत निघून येते. वितळलेल्या मेणात पूर्ण पत्रा बुडवणारेही आहेत. वेग खरा, पण थर जाड बसतो, ठसे बुजतात आणि मेण वाया जाते.

नवी फ्रेम, की परत लाकूड?

नवीन फ्रेमेवरचा कारखान्याचा मेणाचा थर बहुधा पातळच असतो. त्यावरही घरचा हात द्यावा लागतो. म्हणजे नवी घेऊन मेणाचे काम टळत नाही, फक्त खरवडणे टळते. सुपरातल्या, फक्त मधासाठी वापरलेल्या फ्रेमा तर खरवडूच नका. त्यांचे पोळे पिवळे आणि हलके आहे, माशीची मेहनत आहे त्यात. फ्रीझरमधून काढून तशाच परत द्या. पिलांच्या पेटीतल्या, उजेडात धरल्यावर आरपार न दिसणाऱ्या फ्रेमांची पाळी तीन ते पाच वर्षांनी येते, कारण कोषांच्या थरांनी घर लहान होत जाते.

दहा-बारा पेट्यांचा, एका जागी ठेवणारा छंदी मधपाळ असाल तर मी लाकडी चौकट आणि मेणपत्राच सुचवीन. माश्या तो लवकर स्वीकारतात, जुने पोळे कापून काढणे सोपे, आणि एकसंध प्लास्टिक चौकटीच्या पोकळ खोबणीत मेणकिड्याची अळी लपते तशी लाकडात फारशी जागा नसते. मेणकिडा लाकूड मात्र कुरतडतो, त्याचे प्लास्टिकपुढे काही चालत नाही. पावसाळ्यात रिकाम्या फ्रेमा गोदामात ठेवणाऱ्याने हा मुद्दा मनात धरावा, कारण जून ते सप्टेंबर हा मेणकिड्याचा सुगीचा काळ.

कधी द्यायच्या

मेण चढवलेली फ्रेम फुलोरा नसताना दिली तर सगळी मेहनत फुकट. मेण स्रवणाऱ्या माश्या साधारण १२ ते १८ दिवसांच्या तरुण असतात, आणि त्यांना भरपूर मकरंद किंवा साखरेचा पाक लागतो. म्हणून खरवडणे थंडीत, मेण चढवणे फुलोऱ्याच्या आठ-पंधरा दिवस आधी. मध्ये फ्रेमा बंद पिशवीत ठेवा, नाहीतर धूळ बसते. सुपरात देताना बांधलेले पोळे आणि नवी प्लास्टिक फ्रेम एकाआड एक ठेवण्याचा मोह होतो. तसे केले तर माश्या आधीचे पोळेच फुगवतात आणि प्लास्टिककडे बघत नाहीत. सुपर पूर्ण नव्या फ्रेमांचा द्या आणि दहाही घट्ट एकमेकींना चिकटवून बसवा. पिलांच्या पेटीत एका वेळी एकच, पिलांच्या फ्रेमांच्या लगत बाहेरच्या बाजूला. ती बांधून झाली आणि राणीने अंडी घातली की पुढची.